सेकंड हँड, पण फर्स्ट क्रश!

प्रत्येकाची एक गाडी असते. म्हणजे दारात असते असं नाही. सिग्नलला शेजारी येऊन थांबली की मान आपोआप वळते, सिग्नल सुटला की ती भुर्रकन निघून जाते आणि आपण आपली स्कूटर पिळत मागे राहतो... ती गाडी! माझी ती गाडी म्हणजे फोर्डची इकोस्पोर्ट. त्यातही 'एस'.

२०१८ च्या मे महिन्यात ही 'एस' आली तेव्हा माझ्या नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पगार जमा व्हायच्या आधीच पीजीवाल्या काकू आणि एज्युकेशन लोन यांच्यात त्याची वाटणी झालेली असायची. त्यामुळे गाडीचा विचार वगैरे काही नाही, फक्त बघणं! धुरकट हेडलाइट, सतरा इंची चाकं, सीटला केशरी शिलाई, मागच्या दारावर स्टेपनी लटकवलेली. आणि हे सगळं चार मीटरपेक्षा केसभर कमी लांबीत. (आपल्याकडच्या इतक्या गाड्या चार मीटरच्या आतच का संपतात, तर लांबी त्याहून कमी आणि इंजिन लहान असेल तर कर कमी लागतो म्हणून. २००६ पासून चालत आलेला हा हिशोब आहे. फॅशन नव्हे, अबकारी खातं!)

पण खरी गंमत बॉनेटखाली होती. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, नाव इकोबूस्ट, ताकद १२५ पीएस. ऑफिसच्या प्रिंटरमधल्या ए-फोर कागदावर या इंजिनाचा ब्लॉक उभा राहतो, अशी जाहिरात कंपनी करायची. २०१२, २०१३ आणि २०१४, अशी सलग तीन वर्षं त्याला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान मिळाला होता. एवढंसं ते, आणि जोर बघा! मला तर शाळेतल्या त्या बुटक्या पोरीची आठवण यायची, जी कबड्डीत सगळ्यांना लोळवायची.

मग ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं जाहीर केलं की भारतात गाड्या बनवणं बंद. चेन्नईहून शेवटची इकोस्पोर्ट २०२२ मध्ये बाहेर पडली, साणंदचा कारखाना जानेवारी २०२३ मध्ये टाटांकडे गेला. सर्व्हिस आणि पार्ट देत राहू, असं कंपनीनं सांगितलं खरं, पण माहेर तुटलेल्या गाडीला बाजारात कोण विचारतो? भाव उतरला. आणि उतरता उतरता एक दिवस माझ्या बजेटच्या दारात येऊन उभा राहिला.

वाकडची गाडी. ऑगस्ट २०१८ चं पासिंग, एमएच-१४, पेट्रोल, फर्स्ट ओनर, ६१ हजार किलोमीटर. मागणी ५ लाख ४० हजार. मालक महिनाअखेरीला कॅनडाला निघालेला. आणि माझ्याकडे काय होतं? आठ लाख रुपये, पै-पै जमवलेले, फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी.

आता हे ऑफिसात बोलायची चूक कुणी करू नये, पण चहाच्या टेबलावर पोटात काही राहत नाही. टीम लीड म्हणाला, 'वेडी आहेस का? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवी घे, हप्ता बसव, पाच वर्षं बघायला नको!' दुसऱ्याने मोबाइलवर एसआयपीचा कॅल्क्युलेटर उघडून माझ्या साडेपाच लाखांचे पंधरा वर्षांत किती होतील ते दाखवलं. तिसरी म्हणाली, कलर कुठला आहे? (हीच माझी खरी मैत्रीण.) आणि ठाण्याच्या मावशीचा फोन आला तो तर फ्रेम करून लावण्यासारखा. 'अगं, एवढे पैसे गाडीत कशाला घालतेस? नवरा येईलच की गाडी घेऊन!' नवरा म्हणजे काय डीलर आहे, एक्स्चेंज बोनससकट यायला?

टीम लीडचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. नवीन टर्बो क्रॉसओव्हर बाजारात आहेतच. फ्रॉन्क्स आहे, व्हेन्यू आहे, सोनेट आहे. सगळ्यांत एक लिटरचं टर्बो मिळतं, वॉरंटी मिळते, गल्लीच्या तोंडाशी सर्व्हिस सेंटर असतं. फक्त मला आवडलेलं कोटेशन या जुन्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट होतं. म्हणजे हप्ता आला. पाच वर्षं दर महिन्याच्या ५ तारखेला पोटात गोळा. आठ वर्षं एज्युकेशन लोन फेडलेल्या मुलीला हप्ता या शब्दाचीच ॲलर्जी असते हो!

आणि माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. अप्पा.

अप्पा चिपळूणला असतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढला, आता वय ६८. गेल्या दिवाळीआधी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, ती पुण्यात. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी चेकअपला यायचं. चिपळूण ते स्वारगेट म्हणजे कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज आणि मग हायवे. एसटीनं अख्खा दिवस मोडतो. पावसाळ्यात घाटात धुकं असं उतरतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. मी एक्सेल शीट केली (आम्ही टेस्टिंगवाले, आमचा देवसुद्धा एक्सेलमध्येच). त्यात सगळ्यात वरची ओळ, ठळक अक्षरांत : 'अप्पांचं येणं-जाणं'. त्या एका ओळीपुढे बाकीचे सगळे आक्षेप गप्प बसायचे. मावशीसुद्धा!

चेकअपला अप्पा आले तेव्हा म्हटलं, चला, गाडी बघायला. रविवारी सकाळी वाकडला गेलो. मालकाला मी आदल्या रात्री बजावलं होतं की गाडी सुरू करून ठेवू नका. अप्पांनी 'नमस्कार' म्हणत म्हणत हात सरळ बोनेटवर ठेवला. 'गरम आहे. थांबू आपण.' झालं! पाऊण तास आम्ही त्यांच्या हॉलमध्ये बसून चहा, शेव आणि कॅनडाची थंडी. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. मालकाला नव्हतं, पण तो माणूस सरळ होता. म्हणाला, सकाळी फक्त धुवायला बाहेर काढली होती.

मग अप्पांनी जे केलं ते मी कुठल्याही चेकलिस्टमध्ये वाचलेलं नाही. पुढचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. पार मुळापर्यंत. तिथे बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. नंतर सीटखालचे रूळ, कार्पेटचा कोपरा, स्टेपनीच्या नटांची घरं. मालक बुचकळ्यात. मला मात्र कळलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. आमची स्कूटर दोन दिवसांनी चिखलातून काढली. त्यानंतरचे कित्येक महिने अप्पांनी शेजारपाजारच्या गाड्या उघडून दिल्या, आणि त्यांना एक कळलं : माणसं सीट धुतात, दरवाजे पुसतात, पण सीटबेल्ट आत गुंडाळलेला असतो, त्याच्या मुळाशी चिखल तसाच राहतो. या गाडीचा बेल्ट स्वच्छ होता.

टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. पुढचे दोन टायर २०२२ चे, मागचे दोन गाडीसोबतचेच, २०१८ चे. म्हणजे ते दोन बदलायचे. पुढच्या उजव्या दाराचा पेंट किंचित वेगळा. मालकानं स्वतःहून सांगितलं, सोसायटीच्या खांबाला घासलं होतं. ठीक.

आणि मग अप्पांनी बिलं मागितली.

इथे जरा इंजिनात डोकावावं लागेल, कंटाळू नका. या इकोबूस्टचा टायमिंग बेल्ट बऱ्याच गाड्यांसारखा बाहेर कोरडा नसतो, इंजिनाच्या आत, तेलात भिजत फिरतो. त्याने घर्षण कमी होतं, आवाज कमी होतो. पण तेल चुकीच्या ग्रेडचं पडलं, किंवा वेळेवर बदललं नाही, तर बेल्टचं रबर हळूहळू सुटतं. त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, तेलाचं प्रेशर पडतं आणि इंजिनाचं काम तमाम! ऑइल पंप चालवणारा बेल्ट आणखी वेगळा. अमेरिकेत याच एक लिटरच्या इंजिनाच्या इकोस्पोर्ट आणि फोकस गाड्या फोर्डनं डिसेंबर २०२३ मध्ये परत बोलावल्या, त्या ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरसाठी. आणि त्यातल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईत बनून तिकडे गेलेल्या होत्या. हे सगळं रात्री दोन वाजेपर्यंत वाचून मी गेले होते. अप्पा काहीही न वाचता गेले होते आणि बरोब्बर तिथेच पोचले.

बिलं होती, फाइलमध्ये नीट लावलेली. पण २०२१ ची एक आणि २०२२ ची एक, अशा दोन सर्व्हिसचा कागद नव्हता. 'जवळचं सर्व्हिस सेंटर बंद झालं ना तेव्हा, म्हणून ओळखीच्या गॅरेजमध्ये केलं. तेल चांगलंच टाकलं असेल त्याने.' अप्पांनी डिपस्टिक काढली, तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. काही बोलले नाहीत. 'असेल' हा शब्द त्यांना कधीच आवडला नाही. डेपोत गाडीची लॉगशीट असायची, आणि कागदावर नाही ते काम झालेलंच नाही, असं ते धरायचे.

पण टेस्ट ड्राइव्ह म्हणाल तर... अहाहा! हायवेनं चांदणी चौकाच्या दिशेला निघालो. आधी मी चालवली. खालच्या आरपीएमला गाडी जरा आळसावलेली, सिग्नलवरून निघताना 'येते गं' म्हणणाऱ्या मैत्रिणीसारखी. पण टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते. चढ आला कधी आणि संपला कधी कळत नाही. मग अप्पा म्हणाले, दे इकडे. मालक मागच्या सीटवर देवाचं नाव घेत असावा. अप्पांनी आयुष्यात टेस्टिंगसाठी एसट्याच चालवल्या, त्यामुळे त्यांचा गिअर टाकायचा हात अजूनही तसा, खांद्यापासून. दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तो चेहरा मी ओळखते. गणपतीत पहिला मोदक खाताना असतो तो.

परत आलो, मालकाला 'कळवते' म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर बसलो. (अप्पांचा चहा आता बिनसाखरेचा, आणि त्याबद्दल त्यांचं पुण्याविषयीचं मत कायमचं वाईट झालंय.) मी उत्साहानं सुरू झाले. घाट, पाऊस, चेकअप, तुम्हाला मागे आडवं होता येईल...

'थांब. ही गाडी तू माझ्यासाठी घेतेयस?'

'हो मग!'

'मी एसटीनंच येणार. मला अर्धं तिकीट आहे, तुझ्या आईला अर्धं तिकीट आहे. आणि एसटीत मला घाटात झोप लागते. तू चालवलीस तर हेळवाकपासून शिरगावपर्यंत जागा राहीन मी.'

'अप्पा, डॉक्टरांनी...'

'डॉक्टर बोलले दगदग नको. लेकीनं धुक्यात गाडी हाकताना बाजूला बसणं, त्याला काय म्हणतात?' मग जरा वेळानं म्हणाले, 'गाडी फस्क्लास आहे. घे नायतर नको घेऊस. पण बाय, त्यात माझं नाव घालू नकोस.'

मी खूप वेळ काही बोलले नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. माणूस प्रेमानं काही करायला जातो आणि समोरचा अर्धं तिकीट दाखवतो! पण त्या रात्री एक्सेल उघडली आणि सगळ्यात वरची ओळ डिलीट केली. बघू तरी काय उरतं.

उरलं ते फार नव्हतं. हिंजवडीला मी कंपनीच्या बसनं जाते आणि जात राहणार, कारण त्या ट्रॅफिकमध्ये १२५ पीएस घेऊन उभं राहणं म्हणजे वाघाला खुराड्यात ठेवणं. उरले महिन्यातले दोन-तीन शनिवार-रविवार. ताम्हिणी, कास, कधीतरी चिपळूण, तेही उन्हं असताना. गावात ॲव्हरेज बारा मिळालं तरी नशीब. एवढ्यासाठी तर भाड्यानं गाडी घेतली तरी स्वस्त पडते! शीटमध्ये 'गरज' नावाचा कॉलम होता, तो पूर्ण रिकामा. 'हौस' कॉलम तुडुंब.

गंमत म्हणजे त्याने मला मोकळं वाटलं. कारण गरजेला आपण किंमत लावू शकत नाही, 'अप्पांसाठी' म्हटलं की सहा काय, सात लाखही गेले असते आणि वर कागद नसलेलं तेलही मी गिळलं असतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते साफ खोटं आहे. हौसेलाच मोल असतं, आणि ते आधी लिहून ठेवावं लागतं. मी लिहिलं : सहा लाख. सगळं धरून. फ्लॅट साधारण वर्षभर पुढे जाईल, त्याला माझी तयारी आहे. त्यापुढे एक रुपया नाही.

मग सहा लाखांतून उलटं मोजत आले. फोर्डचं काम येणाऱ्या एका गॅरेजवाल्याला गाठलं. दोन्ही बेल्ट बदलणं, खालचा सम्प उघडून जाळी साफ करणं, योग्य ग्रेडचं तेल. पार्ट मागवायला तीन आठवडे, खर्च ५५ हजार. 'मॅडम, कागद नसेल तर बदलूनच टाका, मग डोक्याला ताप नाही,' तो म्हणाला. मागचे दोन टायर १८ हजार. इन्शुरन्स आणि आरटीओ मिळून २२ हजार. (जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याबरोबर कॅनडाला जातो, हे लक्षात ठेवा. हप्ता त्यामुळे वाटतो त्याहून जास्त बसतो.) आणि ४० हजार नुसते बाजूला, न सांगता येणाऱ्या दुखण्यांसाठी. माहेर तुटलेल्या गाडीला हे स्त्रीधन लागतंच! उरले ४ लाख ६५ हजार.

मालकाला आकडा सांगितला तेव्हा तो दुखावला. 'माझ्याकडे ५ लाख २० ची ऑफर आहे.' मी म्हटलं, मग जरूर द्या. आणि सगळा हिशोब त्याला मेसेज केला, बेल्टचं कोटेशनसुद्धा. लपवण्यासारखं काय होतं त्यात? त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते मला माहीत. रोज सकाळी त्या गाडीचा फोटो काढून बघायचा आणि स्वतःला बजावायचं, तू फोन करायचा नाहीस. मैत्रीण विचारायची, गेली का गं? जणू कुणी ॲडमिट होतं!

दहाव्या दिवशी फोन आला. ५ लाख २० वाल्यानं टोकन दिलंच नव्हतं. घासाघीस होऊन ४ लाख ७५ ला जमलं, म्हणजे माझ्या बाजूला ठेवलेल्या चाळीसचे तीस झाले. तेवढं चालतं.

कागदपत्रांचं सांगून ठेवते, कारण त्यात लोक घाई करतात. गाडीवर त्याचं जुनं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन दोन बाकी निघाली, ती त्यानं माझ्यासमोर भरली. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवी एचएसआरपी नंबर प्लेट लावलेली आहे ना, ते बघितलं. शेवटचे ५० हजार मी फॉर्मवर सह्या होईपर्यंत दिले नाहीत. मालक हसून म्हणाला, 'तुमच्या वडिलांनी शिकवलं वाटतं!' हो म्हटलं.

गाडी आता गॅरेजमध्येच आहे, बॉनेट उघडं, बेल्ट मागवलेले. गॅरेजवाल्यानं सम्प खोलल्यावर जाळीचा फोटो पाठवला. थोडा काळा चुरा होता, फार नाही. मी तो फोटो अप्पांना फॉरवर्ड केला. त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं बघितला असणार, कारण उत्तर पाच मिनिटांनीच आलं : 'वेळेत झालं.'

पुढच्या महिन्यात त्यांचा चेकअप आहे. सकाळच्या चिपळूण–पुणे गाडीचं रिझर्व्हेशन झालंय, दोन सीटा, दोन्ही अर्ध्या तिकिटात. स्वारगेटपासून हॉस्पिटलपर्यंत मात्र माझ्या गाडीत बसायला तयार आहेत. पुढे बसणार म्हणालेत, आणि आई मागे. गाणी हळू लावायची आणि दुसऱ्या गिअरला उगाच ताणायचं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवलंय.